दोन मुठींचं पातं

१

रिटायर होऊन मला तीन वर्षं झाली, पण टाइमटेबल मी सोडलं नाही. स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावल्या, आता स्वतःची लावतो. साडेबाराला जेवण, एकला बातम्या. दोनच्या शिफ्टवाले स्कूटरवरून निघून गेले की आमची हुडको कॉलनीतली गल्ली गप्प होते, आणि मी कूलर लावून आडवा होतो. चारला उठून स्वतःचा चहा स्वतः करतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी मृणाल वैशाली नगरच्या बँकेत आहे, ती सहाला येते. मधला सगळा वेळ घरात मी एकटा. खरं सांगतो, मला ते आवडायचं.

सप्टेंबरातला पहिला मंगळवार. चहा गाळताना डाव्या हाताकडे लक्ष गेलं. मनगटाच्या जरा वर चार बोटं रुंदीचा पट्टा, आणि त्यावर एकही केस नाही. कापलेले नाहीत, जळलेले नाहीत, खुंट नाहीत. कातडी नुसती गुळगुळीत.

घड्याळाच्या पट्ट्यानं झालं म्हणावं, तर घड्याळ मी उजव्या हातात बांधतो. ब्लड प्रेशरची नवी गोळी सुरू होती, तिच्यावर ढकललं. शर्ट काढून आरशात बघितलं. दंडावर लहानपणी टोचलेल्या देवीच्या लशीचे दोन वण, एक रुपयाएवढा, एक त्याहून लहान, जिथल्या तिथे होते. बाकी केसही जागेवर होते.

संध्याकाळी मृणाल हसली. "पप्पा, वॅक्सिंग करून राहिले काय? पाहुणे मले पाहाले येणार आहेत, तुमाले नाही!"

"गप बस," मी म्हटलं. "गोळीची गर्मी आहे."

पाहुणे म्हणजे दुर्गच्या सुजयचे आईवडील. पोरापोरीचं दोन वर्षांपासून ठरलेलंच होतं. मोठ्यांनी भेटून हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं, आणि पितृपक्ष लागायच्या आत येतो असा त्यांचा निरोप होता. एकुलती पोर. तिचं नीट लागलं की माझी हजेरी पूर्ण झाली, असं मी म्हणायचो.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेतच आवाज ऐकला. खर्र... थांबा... खर्र. वरून खाली ओढल्याचा, ओल्या वस्तूवरचा. मागच्या अंगणातून येत होता.

कोणाकडे टाइल्सचं काम असेल. गणपतीच्या मांडवाचे बांबू तासत असतील. कूलरच्या पंपात कचरा अडकला असेल. पडल्या पडल्या मी तीन कारणं काढली आणि तिन्ही मंजूर केली. उठलो मात्र नाही. का उठलो नाही, हे तेव्हा स्वतःलाही विचारलं नाही.

चारला मागं गेलो. आमच्या अंगणात मोहाचा एक जुना ओंडका आहे, उभा चिरलेला, वरून अर्धगोल. मृणाल त्यावर मनीप्लांटच्या कुंड्या ठेवते. त्या सहाही कुंड्या खाली फरशीवर, भिंतीला लागून, एका ओळीत मांडलेल्या होत्या. एकही फुटली नव्हती, माती सांडली नव्हती. ओंडका ओला होता.

पाऊस दोन दिवसांपासून नव्हता.

मी कुंड्या उचलून परत ओंडक्यावर ठेवल्या. हाताला वास लागला, चुन्याचा. त्याच्या खाली दुसरा, तुरट. तो मला ओळखू आला, आणि ओळखू आला याचीच लाज वाटली. साबणानं तीनदा हात धुतले.

३

तो ओंडका कशाचा, हे मृणालला माहीत नाही. तिला वाटतं तिचे आजोबा तिरोड्याजवळच्या गावात शेती करायचे. मीच सांगितलंय तसं.

माझे वडील, भाऊराव, घरी कातडी कमवायचे. बकऱ्याचं कातडं चुन्याच्या पाण्यात चार-सहा दिवस ठेवायचं, केस सुटले की ओंडक्यावर पसरून खरवडायचं, उलटून मांस काढायचं, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायचं. सगळी अवजारं त्यांनी स्वतःच्या हातानं केलेली. ट्रकच्या कमानीची पट्टी ठोकून दोन मुठींचं लांब पातं केलं होतं. त्याची एक बाजू मुद्दाम बोथट ठेवलेली, केस निघावे पण कातडं कापू नये म्हणून. कातडं कापायची एक रापी. साल कुटायची एक मोगरी. पात्याच्या बाभळीच्या मुठींना अंगठ्याच्या जागी खळगे पडले होते.

आई गेल्यावर, एकोणनव्वद साली, मी त्यांना सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये आणलं. अवजारं आणि ओंडका सोबत आले. ओंडका बसायला होईल, म्हणाले. मी बाबू झालेला, नवीन नोकरी, नवीन इज्जत. मी ऑफिसला गेलो आणि दोन ते चार स्ट्रीट झोपली की बाबा मागच्या अंगणात एखादं कातडं काढून बसायचे. मला पत्ता नव्हता. पत्ता होता, पण मी बघत नव्हतो, असं म्हणा. कारण त्यांचे हात. साल-पाण्यानं कोपरापर्यंत काळपट तांबडे झालेले, नखांत, रेघांत, सगळीकडे. बटण लावून झाकता येत नाहीत असे हात.

एक दिवस मागच्या स्ट्रीटवरच्या एका बाईंनी व्हरांड्यात सरळ विचारलं, "अंकलच्या हातांले काय झालं हो?"

बाबा तिथेच बसले होते.

मी म्हटलं, "चमडीचा रोग आहे."

एक खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं. मी त्यांना चमडीच्या डॉक्टरकडे नेलं, शेजाऱ्यांदेखत, स्कूटरवर बसवून. डॉक्टरनं विचारलं, किती दिवसांपासून? बाबांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जन्मापासून, साहेब."

मलम मिळालं. त्याच संध्याकाळी मी अवजारं पोत्यात भरून तोंड शिवून टाकलं. बाबा शिवण बघत उभे होते. एवढंच म्हणाले, "बाबू, त्याले वर्षातून एकदा तेल दे, कुंकू लाव. बाकी काही मागत नाही ते."

त्यानंतर रोज संध्याकाळी ते व्हरांड्यात बसून मलम लावायचे. आत नाही, व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं. मनगटापासून कोपरापर्यंत, आधी डावा, मग उजवा, कोणाकडे न बघता. काम सुटलं, तसा वर्षभरात रंग उतरला. शेजारचे म्हणाले, "पाहा अंकल, फरक पडून राहिला!" बाबा मान हलवायचे. दोन वर्षांनी गेले तेव्हा हात गोरे, मऊ झाले होते. तिरडीवर बांधताना ते हात मला ओळखू आले नाहीत.

बायकोला हे माहीत होतं. तिनं तो विषय कधी काढला नाही, मी कधी काढू दिला नाही.

४

पट्टा रोज वाढत होता. शुक्रवारपर्यंत डावा हात कोपरापर्यंत साफ. मी झोपायचं नाही असं ठरवून खुर्चीत बसलो, पेपर घेतला. दोनला स्कूटरी गेल्या. पुढचं आठवतं ते चारचं. पेपर घडी घालून मांडीवर ठेवलेला होता. मी पेपर कधी घडी घालत नाही, मृणाल त्यावरून रोज ओरडते.

मग माळ्यावर चढलो. पोतं मागच्या कोपऱ्यात, पंख्याच्या खोक्याखाली. शिवण जशीच्या तशी होती, तेच माझ्या हातचे वाकडे टाके. सुतळी कापली. रापीवर गंज, मोगरीला वाळवी. पस्तीस वर्षांत तेलाचा थेंब नाही, दुसरं काय होणार?

पातं मात्र स्वच्छ होतं. ओलं होतं. बोथट बाजूला काहीतरी चिकटलं होतं, ते मी खिडकीशी नेऊन बघितलं. आखूड केस, काही काळे, बरेच पांढरे. बकऱ्याचे असतील असं म्हणत मी पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. मग उजव्या हातावरच्या केसांशी लावून बघितले.

ऑफिसात असताना दर विश्वकर्मा पूजेला मी टाइपरायटरला कुंकू लावायचो. पुढे कॉम्प्युटरला. पंचिंग मशीनला, स्टेपलरला, साहेबांच्या टेबलावरच्या घंटीलासुद्धा. सगळं ऑफिस हसायचं, धनंजयबाबू पिनांचीही पूजा करतील. आणि माझ्या बापाच्या हातचं पातं पोत्यात होतं.

५

विश्वकर्मा पूजेची सतरा सप्टेंबर जवळच होती. ठरवलं, या वर्षी लावायचं. तेल, कुंकू, फूल. एवढंच तर मागितलं होतं.

त्या सकाळी व्हरांड्यात पाट मांडला. मृणालची स्कूटी पुसून उभी केली. तिचा लॅपटॉप, मिक्सर, माझा पाना-पकड ठेवला. आत जाऊन पातं जुन्या धोतरात गुंडाळून आणलं, पाटावर ठेवलं, धोतर उलगडलं. बाटलीतलं तेल तळहातावर घेतलं. अंगठा आपोआप त्या खळग्यात गेला आणि बसला. अगदी नीट बसला.

"पप्पा, ये क्या है?" मृणाल दारात उभी, हातात आरतीचं ताट. तिच्यामागं समोरच्या कांताबाई, प्रसादाला आलेल्या.

एक शब्द पुरला असता. आजोबांचं. बस, एवढाच.

"काही नाही," मी म्हटलं. "भंगार आहे. कबाडीवाल्याले द्याचं आहे."

पातं मी पाटावरून उचललं आणि पायऱ्यांखाली टाकलं. तळहातावरचं तेल धोतराला पुसलं. कांताबाई म्हणाल्या, आरती घ्या न भाऊ, थांबले कावून? मी आरती घेतली. मिक्सरला कुंकू लावलं.

त्या दुपारी आवाज थांबून थांबून येत नव्हता. एकसारखा येत होता.

६

दुसऱ्या दिवशी चारला उठलो तर दोन्ही हात तांबूस दिसले. चहाचे डाग वाटले. एकोणीस तारखेला रंग मनगटापर्यंत आला, वीस तारखेला कोपरापर्यंत. नखांत, रेघांत, सगळीकडे. लिंबू घासलं, रॉकेल घासलं, विटकरीच्या तुकड्यानं रक्त निघेपर्यंत घासलं. रक्त निघालं त्याखालीही तोच रंग होता.

डॉक्टरकडे का गेलो नाही? मृणालनं विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कोणास ठाऊक. मला माहीत होतं डॉक्टर काय विचारेल. किती दिवसांपासून? त्याचं उत्तर माझ्याआधी कोणीतरी देऊन ठेवलं होतं.

कपाटातून पूर्ण बाह्यांचे शर्ट काढले. जेवताना पाठ फिरवून बसायला लागलो. मृणालच्या डोक्यात पाहुणे होते. "पप्पा, तुमी टेन्शन नका घेऊ," म्हणाली. "सुजयचे मम्मी-पप्पा एकदम सिंपल आहेत. तुमी बस जसे आहात तसे राहा."

जसे आहात तसे. मी बाहीचं बटण लावलं.

७

रविवारी दुपारी दोनला ते आले. ओमप्रकाशजी, रेल्वेत गार्ड होते, रिटायर झालेले, मोकळे हसणारे. आणि वसुंधराबाई, बारीक डोळ्यांच्या, कमी बोलणाऱ्या. मृणालनं पोहे केले होते. ओमप्रकाशजींनी दोनदा मागून घेतले. सगळं छान चाललं होतं.

वसुंधराबाई मला बघत होत्या. मला नाही, माझ्या बाह्यांना.

"तुमी सेक्टर दोनले होते ना?" त्या म्हणाल्या. "आमी तवा तुमच्या मागच्याच स्ट्रीटवर राहू. कॉलेजले जातानी तुमच्या बाबांले पाहात जाऊ मी. व्हरांड्यात बसून हातांले मलम लावत."

मृणाल खूश झाली. "आंटी, तुमी माझ्या आजोबांले पाहिलं? मी तर फोटोही नाही पाहिला नीट!"

"पाहिलं न. मग माझं लग्न झालं, मी दुर्गले आली." त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "भाऊ, राग नका मानू. पोरीची गोष्ट आहे, उद्या लेकराबाळांची. तुमी माझ्या आईले सांगितलं होतं, चमडीचा रोग आहे. ते खानदानी असते काय?"

मृणाल माझ्याकडे बघत होती. तिचं सगळं त्या एका उत्तरावर येऊन थांबलं होतं, आणि उत्तर माझ्याजवळ होतं. पस्तीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं.

"रोग नव्हता," मी म्हटलं. आवाज फाटला. "मी खोटं बोललो होतो. माझे वडील कातडी कमवत. घरी. बाभळीच्या सालीचा रंग होता तो."

बोललो आणि छाती एकदम हलकी झाली. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं वाटलं. मृणालचं तोंड उघडं राहिलं होतं. ओमप्रकाशजी हसले, अगदी साधेपणानं.

"हत्तेच्या! मग त्यात लपवाचं काय होतं, भाऊसाहेब? माझा आजा इंजिनात कोळसा टाके. काम त काम आहे. आमाले त्याचं काही नाही."

एवढंच. आमाले त्याचं काही नाही. ज्याच्यासाठी मी बापाचे हात धुवून काढले, ते पोहे खाता खाता एका वाक्यात संपलं. मला रडू आलं. डोळे पुसायला हात वर केला आणि बाही मागं सरकली.

वसुंधराबाई उठून उभ्या राहिल्या.

"असेच," त्या म्हणाल्या. "अगदी असेच होते."

ओमप्रकाशजींचं हसू हळूहळू गेलं. "तुमी त ऑफिसात होते न, भाऊसाहेब? तुमी कुठं कातडी कमावली?" मी बाही खाली ओढली, तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "कोणतंही काम असो, आमी हो म्हटलं असतं. पण रोग लपवू नये माणसानं. त्याच्यासाठी बापाच्या नावावर गोष्ट रचू नये."

"अवजारं आहेत!" मी ओरडलोच. "बाबांच्या हातची. थांबा, दाखवतो. आत्ता दाखवतो."

८

पातं पायऱ्यांखाली नव्हतं. मग कुठं असणार, ते मला कळलं. स्वयंपाकघरातून मागं गेलो. अंगणाचं दार लोटलेलं होतं. मी ते बोटभर उघडलं.

कुंड्या भिंतीशी एका ओळीत होत्या. ओंडका तिरपा लावलेला. त्यावर कातडं पसरलं होतं, ओलं, केस काढून साफ केलेलं, नीट ताणलेलं. काम चांगलं होतं. घाईचं नव्हतं. पातं त्यावर आडवं ठेवलेलं होतं आणि अजून हलत होतं, आत्ताच कोणी हातातून सोडल्यासारखं.

कातडं लहान होतं. बकऱ्याचं, मी म्हटलं. मग वरच्या कडेजवळ दोन वण दिसले. एक रुपयाएवढा, एक त्याहून लहान.

मी दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून उभा राहिलो.

"सापडलं काय, पप्पा?" मृणाल स्वयंपाकघरात आली होती. डोळ्यांत पाणी, पण चेहऱ्यावर राग नव्हता. "माझे आजोबा आपल्या हातानं अवजारं बनवत होते, आणि तुमी मले सांगितलंच नाही? आणा न. मी दाखवते त्यांना. मैं बताऊँगी, ये मेरे दादाजी का है."

तिनं दाराकडे हात केला. ती एकटीच होती जिनं विश्वास ठेवला होता. दार उघडलं असतं तर बाबांची अवजारं तिला मिळाली असती. आणि बाकीचंही दिसलं असतं.

"नाही," मी म्हटलं. "अवजारं नाहीत."

"मग?"

"रोगच होता."

तिनं दाराकडे केलेला हात खाली घेतला. "मग ते कावून सांगितलं तुमी? आजोबांचं?"

माझ्या पाठीमागं, दाराच्या पलीकडे, खर्र असा आवाज झाला. सावकाश, वरून खाली. मृणालनं दाराकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. ती बाहेर गेली. मी शर्टावरून दंड चाचपला. जागा गुळगुळीत होती.

मी बाहेर आलो तेव्हा पाहुणे व्हरांड्यात चपला घालत होते. पितृपक्ष होऊन जाऊ द्या, मग कळवतो, असं ओमप्रकाशजी मृणालला म्हणाले. ती हो म्हणाली. मग आत गेली आणि औषधांच्या डब्यातून एक ट्यूब घेऊन आली. ती माझ्या खुर्चीवर ठेवली.

"लावा," म्हणाली.

ते दोघं फाटकाशी थांबून बघत होते. समोरच्या कांताबाई गॅलरीत आल्या होत्या. मी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलो, बाह्या वर सारल्या आणि मलम लावायला सुरुवात केली. मनगटापासून कोपरापर्यंत, आधी डावा, मग उजवा, कोणाकडे न बघता. कसं लावायचं ते मला पाठ होतं.